हॅरॉल्ड अब्राहम्स : दहा सेकंदांची शर्यत आणि पुढचे आयुष्य



आजच्या व्याख्यानासाठी धावपटूचा विषय निवडला तेव्हा समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "धावण्याच्या शर्यतीत इतिहास तो कसला?" प्रश्न रास्त आहे. शंभर मीटरची शर्यत अकरा सेकंदांच्या आत संपते. परंतु त्या अकरा सेकंदांपर्यंत एखादा मनुष्य कोणत्या वाटेने आला, त्याला कोणी अडवले, कोणी हात दिला आणि नंतर तो कोठे गेला, हे पाहू लागलो की एका संपूर्ण काळाचा आणि समाजाचा इतिहास उलगडू लागतो. मी आयुष्यभर शाळेत व्यायामशिक्षक म्हणून काम केले. मुलांना धावायला शिकवताना जी नावे मी वारंवार घेत असे, त्यांपैकी एक नाव हॅरॉल्ड अब्राहम्स यांचे होते. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकणारा हा ब्रिटिश ज्यू धावपटू. त्यांचे नाव घेतले की वर्गातील एखादा विद्यार्थी हमखास विचारी, "सर, म्हणजे ते आपले होते?" आज मी या प्रश्नाकडे थोड्या विस्ताराने पाहणार आहे, कारण त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

प्रथम घराविषयी. हॅरॉल्ड मॉरिस अब्राहम्स यांचा जन्म १५ डिसेंबर १८९९ रोजी इंग्लंडमधील बेडफर्ड या गावी झाला. वडील आयझॅक हे त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील पोलिश-लिथुआनियन प्रदेशातून इंग्लंडमध्ये आलेले ज्यू स्थलांतरित होते. सावकारीच्या व्यवसायात त्यांनी जम बसवला. आई एस्थर वेल्समधील ज्यू कुटुंबातली. सहा भावंडांत हॅरॉल्ड धाकटे. परक्या देशात आलेल्या पुष्कळ आईवडिलांप्रमाणे या दांपत्यानेही एकच गोष्ट मनाशी धरली होती : मुलांना उत्तम शिक्षण द्यायचे आणि या देशात त्यांना मानाने उभे करायचे. आपल्यापैकी ज्यांनी मुंबई, ठाणे किंवा अलिबागचे घर सोडून या देशात संसार थाटला, त्यांना या निश्चयाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तो निश्चय फळाला आला. थोरले बंधू अडॉल्फ नामवंत डॉक्टर झाले. खेळाडूंच्या शरीराचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या ब्रिटनमधील पहिल्या वैद्यांत त्यांची गणना होते आणि १९३९ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. दुसरे बंधू सिडनी हे लांब उडीतील खेळाडू. १९०६ साली अथेन्सला आणि १९१२ साली स्टॉकहोमला ते ब्रिटनकडून उतरले. पुढे वसाहतींच्या न्यायखात्यात चढत चढत ते सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, सरन्यायाधीश झाले. १९३७ साली तेथील गव्हर्नरने ब्रेसगर्डल नावाच्या एका तरुणाला, मळ्यांवरील मजुरांच्या बाजूने बोलतो म्हणून, देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला. तो हुकूम बेकायदेशीर आहे असा निकाल ज्या न्यायपीठाने दिला, त्याचे प्रमुख हेच सर सिडनी अब्राहम्स होते. स्थलांतरिताच्या मुलाने एका परक्या माणसाच्या हक्काचे रक्षण केले, ही गोष्ट धावण्याच्या पदकाहून लहान नाही असे मला वाटते.

घरात असे दोन कर्तबगार भाऊ असले की धाकट्याची जी अवस्था होते, तीच हॅरॉल्ड यांची झाली. भावांहून वरचढ व्हायचे, ही ईर्ष्या लहानपणापासून त्यांच्या मनात होती आणि उतारवयात त्यांनी ती मोकळेपणाने बोलूनही दाखवली. दुसरी गोष्ट शाळेतली. बेडफर्ड, सेंट पॉल्स आणि रेप्टन अशा शाळांतून त्यांचे शिक्षण झाले. त्या काळातील इंग्रजी पब्लिक स्कूलमध्ये ज्यू मुलगा उघडपणे हाकलला जात नसे, पण तो पूर्णपणे सामावूनही घेतला जात नसे. दार उघडे असायचे आणि उंबरठा मात्र उंच. हा दुरावा आपल्याला जाणवत असे आणि धावण्याच्या जिद्दीत त्याचाही वाटा होता, असे अब्राहम्स यांचे म्हणणे होते. भावांशी स्पर्धा आणि समाजाशी झगडा या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चित्रपटाने केवळ दुसरी सांगितली.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस थोडा काळ सैन्यात अधिकारी म्हणून काढून १९१९ साली ते केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथे ते कायदा शिकले, पण गाजले ते मैदानावर. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील वार्षिक सामन्यांत त्यांनी एकूण आठ विजय मिळवले. १९२० साली वयाच्या विसाव्या वर्षी ते अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. तेथे मात्र निराशा पदरी पडली. शंभर मीटरमध्ये ते उपांत्यपूर्व फेरीतच बाद झाले, लांब उडीत विसावे आले. चार गुणिले शंभर मीटरच्या रिले शर्यतीत ब्रिटन चौथे आले.

त्याच अँटवर्पला भारतानेही आपला पहिला चमू पाठवला होता, आणि त्याची मुळे आपल्या महाराष्ट्रात होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून दोराबजी टाटा यांना वाटले की ही मुले युरोपातील धावपटूंच्या बरोबरीने धावू शकतील. त्यांनी स्वतःचे पैसे घातले. त्यातून गेलेल्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला आणि कुस्तीगीर रणधीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकून ते चौथे आले. अब्राहम्स आणि चौगुले यांची तेथे ओळख झाली असावी असे मी म्हणत नाही. मात्र साम्राज्याच्या दोन टोकांकडून आलेली ही मुले एकाच मैदानावर एकच प्रश्न घेऊन उतरली होती : आम्हांला तुमच्या बरोबरीचे मानाल काय?

आता या कथेतील दुसऱ्या मोठ्या माणसाकडे वळू. त्यांचे नाव सॅम मुसाबिनी. जन्म लंडनचा, १८६७ सालचा. घराण्यात सीरियन, तुर्की, इटालियन आणि फ्रेंच रक्ताचा संगम. ते पत्रकार होते, बिलियर्ड्सवर लिहीत आणि सायकलस्वारांना व धावपटूंना शिकवीत. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकणारा दक्षिण आफ्रिकेचा रेजी वॉकर त्यांचाच शिष्य. १९२० साली अँटवर्पला आठशे आणि पंधराशे अशा दोन्ही शर्यती जिंकणारा अल्बर्ट हिल त्यांचा शिष्य. त्याच स्पर्धेत शंभर आणि दोनशे मीटरमध्ये कांस्यपदके मिळवणारा, ब्रिटिश गयानात जन्मलेला कृष्णवर्णीय धावपटू हॅरी एडवर्ड, तोही त्यांचाच.

असे असूनही ब्रिटिश क्रीडासंघटनेच्या लेखी मुसाबिनी यांना स्थान नव्हते, कारण ते शिकवण्याचे पैसे घेत. त्या काळी 'हौशी' या शब्दाला विलक्षण प्रतिष्ठा होती. सद्गृहस्थाने खेळावे ते सहज, मौजेखातर, फारसा घाम न गाळता. जिंकण्यासाठी पगारी शिक्षक ठेवणे हे असभ्यपणाचे लक्षण समजले जाई. वरवर पाहता हे तत्त्व उदात्त वाटते. प्रत्यक्षात ते कोणाच्या सोयीचे होते? ज्याच्या घरी पैसा आहे, ज्याला सकाळी कामावर जायचे नाही, त्याच्या. जो मजूर खेळातून दोन पैसे मिळवू पाहील तो बाद, जो शिक्षक आपल्या विद्येवर पोट भरील तोही बाद. एखाद्या समाजाचे नियम वाचताना ते नियम पाळणे कोणाला सोपे जाते हे पाहावे, म्हणजे त्या समाजाचे खरे स्वरूप कळते.

अब्राहम्स यांनी हा संकेत जाणूनबुजून बाजूला सारला. पॅरिसच्या आधी सुमारे सहा महिने त्यांनी मुसाबिनी यांच्या हाताखाली कसून मेहनत केली. मुसाबिनी यांची शिकवण माझ्यासारख्या व्यायामशिक्षकाला आजही आश्चर्यचकित करते. त्यांनी धावणे तुकड्यातुकड्यांत सोडवून पाहिले : सुरुवातीची झेप, पहिल्या पावलाची लांबी, हातांची हालचाल, आणि अखेरीस फितीकडे छाती झोकून देण्याचा नेमका क्षण. त्या वेळी आजच्यासारखे सुरुवातीचे ठोकळे नव्हते. खुरप्याने मातीत दोन खळगे करून त्यांत पाय रोवावे लागत. अब्राहम्स पहिल्या पावलाच्या लांबीची एक दोरी जवळ बाळगत आणि तिने मापून धावपट्टीवर खूण करीत. एवढे बारीक मोजमाप पाहून त्यांचे समकालीन हसत. मुसाबिनी यांचा शेवटचा उपदेश मात्र अगदी साधा होता : बंदुकीचा बार आणि शेवटची फीत, या दोनच गोष्टी मनात ठेव, पहिली ऐकलीस की दुसरी तुटेपर्यंत जीव तोडून धाव.

१९२४ च्या जून महिन्यात अब्राहम्स यांनी लांब उडीत २४ फूट २॥ इंच, म्हणजे ७.३८ मीटर, असा इंग्लिश विक्रम केला. तो बत्तीस वर्षे टिकला. त्याच दिवशी ते शंभर यार्ड ९.६ सेकंदांत धावले, पण धावपट्टीला किंचित उतार असल्यामुळे तो विक्रम मान्यतेसाठी पाठवला गेला नाही. विक्रम मोडणारा मनुष्य लांब उडीतही उतरला पाहिजे असे निवडसमितीला वाटले आणि त्यांचे नाव चार प्रकारांत घातले गेले. इतक्या गोष्टींत शक्ती वाटली गेली तर शंभर मीटर हातचे जाईल, हे अब्राहम्स यांना कळत होते. तेव्हा त्यांनी एक मोठी मजेदार युक्ती केली. 'एक प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय खेळाडू' अशा सहीने त्यांनी 'डेली एक्सप्रेस'ला पत्र पाठवले आणि अब्राहम्स यांना लांब उडीत उतरवण्याच्या निर्णयावर त्यात टीका केली! अखेर लांब उडीतून त्यांची सुटका झाली.

शंभर मीटरच्या पहिल्या दोन फेऱ्या पॅरिसजवळच्या कोलोंब येथील मैदानावर ६ जुलै रोजी झाल्या. तो रविवार होता. स्कॉटलंडचा एरिक लिडेल हा ब्रिटनचा आणखी एक अतिशय वेगवान धावपटू. मिशनरी आईवडिलांच्या पोटी तो चीनमध्ये जन्मला होता. १९२३ साली त्याने ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत शंभर यार्ड ९.७ सेकंदांत जिंकले होते. परंतु रविवारी, म्हणजे ख्रिस्ती विश्रांतिदिनी, धावणे त्याच्या श्रद्धेला मान्य नव्हते. शंभर मीटर सोडून तो चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच्या या निग्रहाची कीर्ती जगभर पसरली आणि ती योग्यच होती. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' हे नाव शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळेच पडले. आठवड्यातील एक दिवस राखण्याची किंमत काय असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. येथे मला एक गोष्ट नमूद कराविशी वाटते. ब्रिटनमधील बहुतेक क्रीडास्पर्धा शनिवारी होत असत. ज्यू मुलाला तेथे धावायचे असेल तर शब्बाथच्या दिवशीच धावावे लागे. त्याच्यापुढचा हा पेच कोणत्याही वर्तमानपत्राने छापला नाही, कारण तो पेच आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. बहुसंख्याकांच्या विश्रांतिदिनासाठी कोणी थांबला की त्याची कथा होते. अल्पसंख्याकांचा विश्रांतिदिन मुकाट्याने वाहून जातो.

अब्राहम्स यांच्यापुढे अमेरिकेचे चार धावपटू होते. त्यांत मागील ऑलिंपिकचा विजेता चार्ली पॅडॉक होता आणि जॅक्सन शोल्झही होता. दुसऱ्या फेरीत अब्राहम्स १०.६ सेकंदांत धावले. ही ऑलिंपिक विक्रमाची बरोबरी होती. सोमवारी, ७ जुलै रोजी, उपांत्य फेरीत त्यांची सुरुवात फसली. कोणीतरी आधी सुटले असे वाटून ते क्षणभर थबकले आणि दीड यार्डाने मागे पडले. शंभर मीटरमध्ये दीड यार्ड म्हणजे बहुधा पराभव. तरीही त्यांनी ती फेरी पुन्हा १०.६ सेकंदांतच जिंकली. मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे की अंतिम शर्यतीपेक्षा ही उपांत्य फेरी अभ्यासा. सुरुवात बिघडल्यावर घाबरून पावले आखूड न करता शिकवलेल्या लयीने धावत राहणे, यातच सहा महिन्यांची मेहनत दिसते.

संध्याकाळी सात वाजता अंतिम शर्यत झाली. सहा धावपटू होते. अब्राहम्स जवळपास दोन फुटांनी पुढे राहून जिंकले. वेळ पुन्हा १०.६ सेकंद. शोल्झ दुसरा, न्यूझीलंडचा आर्थर पॉरिट तिसरा आणि पॅडॉक पाचवा. शंभर मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारे अब्राहम्स हे पहिलेच युरोपीय ठरले. यानंतर हे पदक ब्रिटनकडे येण्यास १९८० साल उजाडावे लागले. ते अॅलन वेल्स यांनी मॉस्कोत मिळवले. पॅरिसला अब्राहम्स दोनशे मीटरच्या अंतिम शर्यतीत सहावे, म्हणजे शेवटचे आले आणि रिलेत त्यांच्या चमूला रौप्यपदक मिळाले. विजयानंतर चारच पावलांवर पराभव उभा असतो, तो असा.

त्या विजयाच्या क्षणी मुसाबिनी कोठे होते? व्यावसायिक प्रशिक्षक म्हणून संघात त्यांना अधिकृत प्रवेश नव्हता. ज्याने विजय घडवला तो विजेत्याच्या शेजारी उभा राहू शकला नाही. १९२७ साली मुसाबिनी वारले. ब्रिटनने क्रीडाप्रशिक्षकांसाठी त्यांच्या नावाचे पदक सुरू केले ते १९९८ साली, म्हणजे मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी. कृतज्ञता पोहोचते, पण कधीकधी ती फार संथ चालीने येते. अब्राहम्स आणि पॉरिट यांची मात्र जन्माची मैत्री झाली. दरवर्षी ७ जुलैला संध्याकाळी सात वाजता दोघे एकत्र भोजन करीत. पॉरिट पुढे मोठे शल्यविशारद आणि न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल झाले, तरी हा नेम अब्राहम्स यांच्या निधनापर्यंत चालला.

१९२५ च्या मे महिन्यात लांब उडी घेताना अब्राहम्स यांचा पाय मोडला आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांची कारकीर्द संपली. पुष्कळ खेळाडू येथे उन्मळून पडतात. अब्राहम्स यांनी मैदान सोडले नाही, फक्त बाजू बदलली. ते बॅरिस्टर होते आणि १९४० पर्यंत वकिली करीत होते. १९२५ पासून चार दशकांहून अधिक काळ त्यांनी 'संडे टाइम्स'मध्ये क्रीडालेखन केले. बी.बी.सी. नभोवाणीवर त्यांचा आवाज घराघरांत पोहोचला. आकडेवारी हा त्यांचा ध्यास होता. खेळातील आकडेवारी जमवणाऱ्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. ज्या ब्रिटिश संघटनेला मुसाबिनी यांचे वावडे होते, तिच्याच अध्यक्षपदी १९७६ साली अब्राहम्स आले.

बंधुभगिनींनो, येथवरची कथा सांगायला सोपी होती. आता अवघड भाग येतो. १९३४ साली हॅरॉल्ड अब्राहम्स यांनी रोमन कॅथलिक धर्म स्वीकारला. १९३६ साली त्यांनी सिबिल एव्हर्स या गायिकेशी विवाह केला. आपल्या समाजातील पुष्कळ लेखांत आणि व्याख्यानांत पॅरिसचे पदक येते आणि हे वर्ष गाळले जाते. काही जण उलट करतात. ते हे वर्ष सांगतात आणि पदक परत करून टाकतात. मला दोन्ही मार्ग पटत नाहीत. माणूस कोणत्या कारणाने आपल्या वाडवडिलांचा धर्म सोडतो, हे बाहेरून सांगणे कठीण असते, आणि मी तसे सांगण्याचा प्रयत्न करणार नाही. परंतु घडले ते घडले, आणि इतिहास सांगणाऱ्याने ते सांगितले पाहिजे.

त्याहूनही कठीण प्रश्न बर्लिनचा आहे. १९३६ चे ऑलिंपिक हिटलरच्या राजधानीत होणार होते. ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे १९३५ च्या सप्टेंबरमध्ये झाले होते. ब्रिटनने बर्लिनवर बहिष्कार घालावा, असा आग्रह कामगार क्रीडासंघटनांनी आणि अनेक ज्यूंनी धरला. अब्राहम्स यांनी बहिष्काराला विरोध केला. खेळाडूंनी तेथे जावे, संबंध तोडण्यापेक्षा ठेवण्यानेच काही भले होईल, असे त्यांचे मत होते. ते स्वतः बी.बी.सी.चे समालोचक म्हणून बर्लिनला गेले. पंधराशे मीटरमध्ये न्यूझीलंडचा जॅक लव्हलॉक जागतिक विक्रम करून जिंकला, तेव्हा समालोचकाचा तटस्थपणा विसरून अब्राहम्स ध्वनिक्षेपकावर त्याला ओरडून प्रोत्साहन देत राहिले. ते समालोचन आजही प्रसिद्ध आहे.

त्याच बर्लिनमध्ये आणखी काय घडले ते पाहा. अमेरिकेच्या रिले संघात मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर हे दोन ज्यू धावपटू होते. ऐनवेळी दोघांनाही काढून त्यांच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ यांना उतरवण्यात आले. जर्मनांनी वेगवान धावपटू लपवून ठेवले आहेत, असे कारण देण्यात आले. जर्मन संघ प्रत्यक्षात तिसरा आला. अमेरिकेच्या मैदानी चमूतील हे दोघेच ज्यू खेळाडू एकही शर्यत न धावता परतले. ग्रेटेल बर्गमन ही जर्मन ज्यू मुलगी उंच उडीत १९३४ साली ब्रिटनची विजेती झाली होती. घरच्यांच्या सुरक्षिततेची धमकी देऊन तिला मायदेशी परत बोलावले गेले. १९३६ च्या जूनमध्ये तिने १.६० मीटर उडी घेऊन जर्मन विक्रमाची बरोबरी केली, आणि अमेरिकन संघाचे जहाज निघाल्यावर तिला कळवण्यात आले की तिची निवड झालेली नाही. बर्लिनमध्ये पदके मिळवणाऱ्या तिघीही मुख्य स्पर्धेत नेमक्या १.६० मीटरवरच थांबल्या होत्या. त्यांतून पुढे सुवर्णपदक मिळवणारी हंगेरीची इबोल्या चाक ही ज्यू होती, हा इतिहासाचा आणखी एक विलक्षण योगायोग.

हे सारे डोळ्यांपुढे ठेवून मी म्हणतो की बर्लिनच्या बाबतीत अब्राहम्स यांचा अंदाज चुकला. खेळाने हिटलरचे मन बदलले नाही. उलट त्याला जगापुढे सभ्य मुखवटा चढवायला दोन आठवडे मिळाले. तरी हा निवाडा देताना आपण १९३६ नंतरचे सर्व काही जाणतो आणि ते जाणत नव्हते, हे विसरू नये. शिवाय या मनुष्याने आयुष्यभर एकच अनुभव घेतला होता : बंद दाराशी भांडायचे असेल तर मैदानात उतरावे लागते. घरी बसून त्यांना काही मिळाले नव्हते. जे औषध केंब्रिजमध्ये लागू पडले ते बर्लिनमध्येही पडेल, असे त्यांना वाटले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. केंब्रिजमधील दुरावा आणि बर्लिनमधील द्वेष या दोन वेगळ्या जातींच्या व्याधी होत्या. उंबरठा उंच असणे आणि घरालाच आग लावणे यांत फरक असतो.

येथेही हिशेब पुरा होत नाही. नाझी राजवटीच्या त्याच काळात हॅरॉल्ड आणि सिबिल यांनी दोन ज्यू निर्वासित मुलांना आपल्या घरी सांभाळले. मुलगा जर्मनीतला होता आणि मुलगी ऑस्ट्रियातली. पुढे या दांपत्याने दोन मुले दत्तकही घेतली. सभेतील मतापेक्षा घराचे दार अधिक काही सांगते. ज्यांनी धर्म सोडला होता, त्यांनी आपल्या माणसांना सोडले नव्हते, एवढे तरी यातून दिसते.

अब्राहम्स १४ जानेवारी १९७८ रोजी वारले. तीन वर्षांनी 'चॅरियट्स ऑफ फायर' हा चित्रपट आला, त्याला चार ऑस्कर पुरस्कार मिळाले आणि आज जगाला ठाऊक असलेले अब्राहम्स बहुतांशी त्या चित्रपटातील आहेत. चित्रपट सुंदर आहे, पण तो इतिहास नव्हे. महाविद्यालयाच्या चौकातील घड्याळाच्या ठोक्यांबरोबरची ती प्रसिद्ध धाव अब्राहम्स यांनी जिंकलेली नाही. १९२७ साली ती लॉर्ड बर्ली यांनी यशस्वी केली. सिबिल यांची भेट पॅरिसनंतर दहा वर्षांनी झाली. लिडेलला रविवारच्या फेरीची बातमी बोटीवर चढताना कळली नाही. ती कित्येक महिने आधी माहीत होती, म्हणूनच त्याला चारशे मीटरची तयारी करता आली. चित्रपट पाहू नका असे मी म्हणत नाही, अवश्य पाहा. मात्र नातवंडांना तो दाखवाल तेव्हा पुढचे आयुष्यही सांगा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. ते आपले होते काय? विजेता आपला म्हणणे सर्वांनाच आवडते. पदकाला नातेवाईक पुष्कळ असतात. परंतु समाजाने एखाद्याला आपला म्हणायचे असेल तर केवळ त्याच्या सात वाजताच्या शर्यतीपुरता म्हणून चालत नाही. स्थलांतरित बापाचा मुलगा, भावांशी चढाओढ करणारा धाकटा, तिरस्कृत गुरूला मान देणारा शिष्य, धर्म बदललेला पती, बर्लिनबाबत चुकलेला समालोचक आणि दोन निर्वासित मुलांचा पालक, असा संपूर्ण मनुष्य आपण स्वीकारू शकतो काय? माझे उत्तर होय असे आहे. आपल्या तनाखमध्येही राजे आणि नबी त्यांच्या दोषांसह लिहिले आहेत. दावीद राजाचा पराक्रम ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात त्याचा अपराधही आहे. आपल्या पूर्वजांनी ती पाने फाडली नाहीत. मग आपण का फाडावीत?

या सभागृहात बसलेल्या तरुणांना एकच सांगून मी थांबतो. तुमच्यापैकी काही जण धावतील, काही दूर जातील, काही परत येतील, काही येणार नाहीत. त्यांची नावे लिहिताना या समाजाने खाडाखोड करू नये. आणि जो कोणी शर्यत जिंकेल, त्याने आपल्या मुसाबिनीला शेजारी उभे करून घ्यावे. त्यासाठी एकाहत्तर वर्षे लागू नयेत.